ज्यांचे विचार पटत नाहीत, त्यांना देणगी द्यावी का? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

दापोली ते चिपळूण या पट्ट्यातल्या काही छोट्या विश्वस्त संस्थांचे हिशेब मी लिहून देतो. एक वाचनालय, दोन देवस्थानं, एक वसतिगृह, रुग्णवाहिका चालवणारं एक मंडळ. त्यामुळे पावती फाडायच्या आधी माणसं मला गाठतात. शिमग्याच्या आणि गणपतीच्या आधी तर रोज कुणी ना कुणी. रक्कम किती द्यावी हे फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते असं: "काम चांगलं आहे हो, पण ती माणसं आपल्या विचारांची नाहीत." पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. कायद्याचं जिथे आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. संस्थेचं काम चांगलं आहे, पण तिचे विचार मला अजिबात पटत नाहीत. पैसे द्यावेत का?

बहुतेक वेळा द्यावेत. मी एकच गोष्ट बघतो: मदत मागायला दारात आलेल्या माणसाला ती संस्था काय विचारते?

आजार कोणता, घरात खाणारी तोंडं किती, मुलगी कितवीत आहे, एवढंच विचारून मदत होत असेल, तर आतल्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे याने मला फरक पडत नाही. पण जात कोणती, देव कोणता, लग्न झालंय का, आमच्या प्रार्थनेला बसाल का, मत कुणाला देता, हे विचारून मदत ठरत असेल तर मी देत नाही, मग काम कितीही मोठं असो.

विश्वस्तांच्या मनात काय आहे ते तुम्हाला कधीच पुरतं कळणार नाही. दारात काय होतं ते मात्र कुणालाही तासाभरात बघता येतं.

२. दान सत्पात्री असावं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. ज्यांचे विचार चुकीचे, ते सत्पात्र कसे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाबद्दल देश, काळ आणि पात्र असे तीन शब्द येतात. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता. तुमच्या पैशाचं पात्र कोण, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पात्र म्हणजे डायलिसिसला बसलेला माणूस, संस्थेचा अध्यक्ष नव्हे. संस्था हे दुसऱ्या अर्थाने पात्र आहे, म्हणजे भांडं. भांड्याला भोक आहे का आणि त्यात काही कालवलंय का, एवढं बघायचं. ते कोणत्या घराण्यातलं आहे ते बघत बसू नये.

रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने उभं राहिलं. त्यामागची चळवळ सावरकरांची. सावरकरांचं राजकारण न पटणारी माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. पण त्या मंदिराच्या पायरीवर जात विचारली जाणार नव्हती, आणि ज्या काळात बाकी बहुतेक देवळांच्या पायऱ्यांवर ती विचारली जात होती, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. मी तेव्हा असतो तर त्या कामाला पैसे दिले असते, आणि राजकारणावर वाद चालू ठेवला असता.

३. मी रुग्णवाहिकेसाठी दिले, की तेवढेच त्यांचे पैसे सुटतात आणि प्रचाराला जातात. मग "अमुक कामासाठी" असं पावतीवर लिहून घेऊन उपयोग काय?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, एका मंडळाने रुग्णवाहिकेच्या वर्षभराच्या खर्चासाठी ३ लाख रुपये आधीच बाजूला काढले आहेत. तुम्ही ५०,००० दिलेत आणि पावतीवर "रुग्णवाहिका" लिहिलंत. मंडळाने स्वतःचे ५०,००० तिथून उचलून शिबिराला किंवा पुस्तिका छापायला वळवले, तर कागदावर तुमचा पैसा डिझेललाच गेला, पण प्रत्यक्षात तुम्ही पुस्तिका छापलीत. तुमची शंका इथे खरी आहे.

आता दुसरं मंडळ घ्या. त्याच्याकडे रुग्णवाहिकेसाठी काहीच शिल्लक नाही. मार्च संपला की गाडी उभी राहते. इथे तुमचे ५०,००० खरोखर टाकीत जातात, कारण सुटायला दुसरा पैसाच नाही.

फरक ताळेबंदात दिसतो. त्या कामाचा वेगळा निधी आहे का, मागच्या वर्षी त्यात किती आले, किती खर्ची पडले आणि शिल्लक किती, हे तीन आकडे मागा. शिल्लक दरवर्षी वाढते आणि तरीही त्याच कामाच्या नावाने पैसे मागितले जात असतील, तर तुमची देणगी दुसरीकडे वाट काढते आहे असं समजा.

आणि तरीही मन मानत नसेल तर रोख देऊच नका. टायर घेऊन द्या. औषधांच्या दुकानात संस्थेच्या खात्यावर पैसे भरा. वसतिगृहाला तांदळाची पोती पाठवा. वस्तूचाही पैसा सुटतोच, पण ज्या संस्थेला गरज खरी आहे ती वस्तू आनंदाने घेते. जिला फक्त रोखच हवी असते, तिथे मी आणखी दोन प्रश्न विचारतो.

४. संस्था नक्की काय करते हे कसं शोधायचं? अहवालात तर सगळंच छान छापलेलं असतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक न्यासाची नोंद जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात असते. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, हे परिशिष्ट १ च्या उताऱ्यात मिळतं. दरवर्षीचे तपासलेले हिशेबही तिथे सादर करावे लागतात. उतारा आणि हिशेबाच्या प्रती अर्ज करून मागता येतात.

संस्थेच्या घटनेतला "उद्देश" हा परिच्छेद जरूर वाचा. "गरजू रुग्णांना साहाय्य" आणि "आपल्या संप्रदायातील गरजू रुग्णांना साहाय्य" यांत दोनच शब्दांचा फरक आहे, पण तो माणसाला दारातून परत पाठवू शकतो.

आणि मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. सकाळी दहा ते अकरा. आत जाणाऱ्यांशी कसं बोललं जातं, कुणाला थांबवलं जातं, फॉर्मवर कोणते रकाने आहेत, ते बघा. मला कागदापेक्षा या तासाने जास्त वेळा खरं सांगितलं आहे.

५. संस्थेकडे ८०जी, म्हणजे दात्याला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, आहे. म्हणजे ती सगळ्यांसाठी खुली आहे असं धरायचं का?

काही प्रमाणात. एका विशिष्ट धर्मसमूहाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी काढलेल्या संस्थेला ही मान्यता मिळत नाही. मान्यता असलेल्या संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च धार्मिक कामावर करता येत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीची संस्था मात्र "विशिष्ट जातीची" धरली जात नाही, आणि त्यामागचं कारण प्रश्न १२ मध्ये येतं.

पण कागदावर खुली असलेली संस्था दारात बंद असू शकते. ८०जी बघून बाकावर बसायचं टाळू नका. २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास वजावट मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही. म्हणून केवळ करासाठी संस्था निवडणाऱ्यांनी आधी आपली पद्धत कोणती ते बघावं.

६. मिशनचा दवाखाना, मठाचं अन्नछत्र, मुस्लिम जमातीची शाळा. मी त्या धर्माचा नाही, किंवा देवच मानत नाही. तिथे द्यावं का?

कोकणात या तिन्ही गोष्टी एका तालुक्यात सापडतात, आणि तिन्हींच्या रांगेत सगळ्या जातीधर्मांची माणसं उभी असतात. श्रद्धेतून केलेलं काम कमअस्सल ठरत नाही. रात्री दोन वाजता उठून बाळंतिणीला बघणारी सिस्टर कुणाच्या नावाने उठते, हा तिचा प्रश्न आहे.

दोन गोष्टी बघा. कायद्याने निव्वळ धार्मिक शिकवण किंवा उपासना "धर्मादाय" कामात धरलेली नाही. त्यामुळे पूजेचा खर्च आणि दवाखान्याचा खर्च वेगळा दाखवता यायला हवा. तो दाखवा म्हणून मागितलंत तर त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरं, काही निधी मुळातच बांधलेले असतात. जकात, म्हणजे मुसलमानांचं सक्तीचं दान, कुणावर खर्च करायची याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले आहेत. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, तसा बांधलेला नाही. जमातीने "हा पैसा जकातीचा आहे, तो तुमच्या शेजाऱ्याला देता येत नाही" असं सांगितलं, तर लगेच वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या दवाखान्याचा निधी वेगळा आहे का, आणि तो सगळ्यांसाठी आहे का, एवढं विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर "हो" असं येतं, असा माझा अनुभव आहे.

७. विचार आणि काम वेगळे करा म्हणता. पण विचारच कामात उतरले असतील तर?

तर मग तो तुमच्या-त्यांच्या मतभेदापुरता प्रश्न उरत नाही. दारातल्या तिसऱ्या माणसाचा होतो.

२०१५ साली केंद्र सरकारने दत्तक देण्याचे नियम बदलले. एकट्या, घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तीलाही मूल दत्तक मिळण्याची वाट मोकळी झाली. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेने ते मान्य नसल्याचं सांगून भारतातलं दत्तक देण्याचं काम बंद केलं. त्याआधी २००६ साली अमेरिकेत बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजनेही समलिंगी जोडप्यांना मूल द्यावं लागेल म्हणून दत्तकाचं काम सोडलं होतं.

मला या दोन्ही संस्थांचा निर्णय चुकीचा वाटतो. एकटी बाई चांगली आई होऊ शकते, हे कोकणात सांगायची गरज नाही. नवरा मुंबईला आणि इथे बाई एकटीने पोरं वाढवतेय, अशी घरं आपल्या प्रत्येक वाडीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण एक गोष्ट मी मान्य करतो. त्यांनी लपवाछपवी केली नाही. नियम पाळता येत नाही, म्हणून त्या कामातून बाजूला झाल्या. दत्तकाच्या कामाला मी त्यांना पैसे दिले नसते. कुष्ठरुग्णांच्या शुश्रूषेला दिले असते, कारण तिथे लग्नाचा दाखला कुणी मागत नाही.

संस्था एक असली तरी दारं अनेक असतात. प्रत्येक दाराशी जाऊन बघा.

८. गावकीची वर्गणी ऐच्छिक आहे का? पालखीच्या वेळी अमक्या वाडीच्या घरी पालखी थांबत नाही, हे मला पटत नाही. पण नाही म्हटलं तर गावात राहायचं कसं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा मुंबईहून, रात्री उशिरा, आवाज खाली करून.

आधी कायदा. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणं, म्हणजे पाणी, दुकान, लग्न, मयत, देवळात येणं यांतून कुणाला बाहेर ठेवणं, हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा यावा लागला त्यामागे रायगड-रत्नागिरीच्या गावांमधल्या तक्रारी मोठ्या संख्येने होत्या, ही आपल्याला मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. वर्गणी दिली नाही म्हणून बहिष्कार घालता येत नाही.

पण कायदा हातात असला तरी शेजार रोजचा असतो, हेही मला माहीत आहे. म्हणून मी तीन वाटा सांगतो.

पहिली, वर्गणी द्या, पण बैठकीत बोलून द्या. "यंदा पालखी त्या वाडीत जावी असं माझं म्हणणं आहे, ते वहीत लिहा." मानकऱ्यांना राग येईल. पण वहीत एकदा लिहिलं गेलं की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तेच म्हणणं सोपं जातं. निम्मी तरणी पोरं मनातून तुमच्याच बाजूची असतात, त्यांना फक्त पहिलं बोलणारा माणूस हवा असतो.

दुसरी, देवाच्या कामाचे पैसे वेगळ्या कामाला द्या. विहिरीचा गाळ काढायला, स्मशानाच्या शेडला, शाळेच्या कौलांना. रक्कम तेवढीच ठेवा, म्हणजे "पैसे वाचवायला तत्त्व काढलं" असं कुणी म्हणू शकणार नाही.

तिसरी, नाही म्हणा आणि परिणाम सोसा. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. मुंबईत नोकरी करत असताना गावासाठी "मुरुड फंड" उभा करण्यात ते पुढे होते. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांना घरात घेतलं तर आईभावंडांवरही बहिष्कार पडेल, असं ठरलं. गावासाठी पैसे गोळा करणाऱ्या माणसाला गावात आईच्या ओटीवर बसता येईना. ही वाट मी कुणाला सुचवत नाही. ज्याची त्याने निवडावी. पण ती आपल्याच मातीतल्या माणसाने चालून दाखवली आहे, हे विसरू नये.

९. मी शाकाहारी आहे. राखणीला, जत्रेला कोंबडा-बोकड लागतो. माझ्या वर्गणीतून ते नको.

सांगा तसं. "माझे पैसे दिवाबत्तीला आणि मांडवाला" हे गावकी सहज मान्य करते. हे मागणं नवं नाही.

उलट बाजूचा प्रश्न जास्त नाजूक आहे. वसतिगृहाला देणगी देताना "मुलांना मासे, अंडी देऊ नका" अशी अट घालणारे दाते भेटतात. खाडीकाठच्या पोराला वर्षभर म्हावरं तोडायची अट घालणं मला योग्य वाटत नाही. तुमचं ताट तुमचं, त्याचं त्याचं. तुमच्या पैशाने वह्या घ्या म्हणा आणि स्वयंपाकघराच्या बाहेर राहा.

१०. ज्या पक्षाला मी कधी मत देणार नाही, त्यांनी रक्तदान शिबिर ठेवलंय. जाऊ का?

जा. पिशवी रक्तपेढीत जाते, आणि ती ज्याला चढते त्याला बॅनर दिसत नाही. फोटोला उभं राहायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. भेटवस्तू घेऊ नका. तेही नको वाटत असेल तर थेट जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत जाऊन द्या. पुरुषांना ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा देता येतं. मे महिन्यात, सगळे लग्नकार्यांत आणि आंब्यांत गुंतलेले असताना गेलात तर फार बरं.

११. इतकी वर्षं देत होतो. आता संस्थेने असा निर्णय घेतलाय की मला पटत नाही. देणगी थांबवू?

थांबवायच्या आधी, थांबल्यावर नक्की कुणाचं काय थांबेल ते मोजा.

मार्च २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती संस्थेने जाहीर केलं की समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींनाही आम्ही नोकरीवर घेऊ. अनेक दाते भडकले. दोन दिवसांत संस्थेने निर्णय मागे घेतला. तोवर सुमारे १०,००० मुलांचं प्रायोजकत्व लोकांनी काढून घेतलं होतं. ती मुलं गरीब देशांतली होती. अमेरिकेतल्या कार्यालयात कोणाला नोकरी मिळते याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. निर्णय मागे घेतल्यावर दुसऱ्या बाजूचे लोकही चिडले. तुम्ही त्या वादात कोणत्याही बाजूचे असा, पण एका मुलाचं नाव आणि फोटो घरात लावून, मग मुंबई-पुण्यातल्या कुठल्यातरी बैठकीवरचा राग त्या मुलावर काढायचा का, याचं उत्तर आधी द्या.

माझं मत असं. चालू असलेलं काम, म्हणजे मुलाची फी, म्हाताऱ्याची औषधं, ते वर्ष पुरं करा. नवी देणगी थांबवा. आणि पत्र लिहा. न बोलता थांबलेली देणगी संस्थेला काहीच शिकवत नाही. विश्वस्त म्हणतात, "यंदा पाऊस जास्त झाला, लोकांकडे पैसे नाहीत." पत्रात एकच गोष्ट लिहा: कोणता निर्णय, आणि तो बदलला तर आपण पुन्हा देऊ का.

दारातच अन्याय होत असेल, कुणाला मारहाण, पैशाची अफरातफर, मुलांशी गैरवर्तन, तर मात्र वर्ष पुरं करायची वाट बघू नका. तक्रार करा.

१२. आमच्या ज्ञातीमंडळाचा शिष्यवृत्ती निधी फक्त ज्ञातीतल्या मुलांसाठी आहे. तुमच्या कसोटीप्रमाणे तो बाद होतो ना?

सरळ लावली तर होतो. दारात जात विचारली जाते. पण इथे मी थांबून बघतो की हे दार आधी कुणी कुणासाठी बंद केलं होतं.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव होऊनही अस्पृश्यांना तिथलं पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे जाऊन पाणी प्यायलं. ज्यांना सगळीकडून हाकललं गेलं त्यांनी आपल्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह, वेगळा निधी काढला असेल, तर त्याला "जातीयवादी" म्हणणं मला अन्याय वाटतो. त्यांनी दुसऱ्याचं दार बंद केलं नव्हतं, स्वतःसाठी एक उघडलं होतं.

ज्या ज्ञातीची मुलं आज मुंबईत, पुण्यात, परदेशात स्थिरावली आहेत आणि निधीला अर्जच येत नाहीत, तिथे मी विश्वस्तांना सांगतो की ज्ञातीची अट काढा, गावची ठेवा. आमच्या भागात एका मंडळाने तसं केलं. पहिली शिष्यवृत्ती कातकरी वाडीतल्या मुलीला गेली. जुन्या दात्यांपैकी कुणीही पैसे परत मागितले नाहीत.

१३. वडील दरवर्षी एका मठाला ठरलेली रक्कम पाठवायचे. ते गेले. मला तो मठ मान्य नाही. बंद केलं तर वडिलांचा शब्द मोडल्यासारखं होईल का?

त्यांनी आयुष्यभर कुणाला देण्याचा शब्द दिला होता, ते आठवा. अनेकदा उत्तर "तिथल्या अन्नछत्राला" किंवा "तिथे शिकणाऱ्या मुलांना" असं निघतं. तसं असेल तर तेवढंच चालू ठेवा, त्यांच्या नावाने. वडिलांची श्रद्धाच होती आणि दुसरं काही नसेल, तर एक वर्ष त्यांच्या वर्षश्राद्धापर्यंत पाठवा, आणि मग मठाला नम्रपणे कळवून थांबा. आईला आधी सांगा. तिला पोस्टाने परत आलेल्या पावतीवरून कळू देऊ नका.

नवरा-बायकोचे विचार वेगळे असतील तरी हेच. घरातली देणगीची रक्कम दोन भागांत करा आणि एकमेकांच्या पावतीवर बोलू नका.

१४. उलटा प्रश्न. आम्ही संस्था चालवतो. खाडी बिघडवणारी कंपनी आम्हाला शाळेसाठी पैसे देते म्हणते. घ्यावेत का?

ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही. म्हणजे ते उपकार नाहीत. घ्यायला हरकत नाही, फक्त एका अटीवर: खाडीच्या तक्रारीवर सही करायचा तुमचा हात मोकळा राहिला पाहिजे. करारात "कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन करणार नाही" असलं वाक्य असेल तर ते खोडायला सांगा. खोडत नसतील तर पैसे नकोत. कोळ्यांची जाळी रिकामी येताना त्याच पैशाच्या बाकांवर त्यांची मुलं गप्प बसवून शिकवायची, हे जमणार नाही.

अट कोणती चालते आणि कोणती नाही, याचं उदाहरण पुन्हा कर्व्यांचंच. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. आपल्या आईचं नाव द्यावं, मुख्यालय पुण्याहून मुंबईला न्यावं, अशा अटी होत्या. कर्व्यांनी त्या मान्य केल्या. नाव बदललं, पत्ता बदलला, पण मुली शिकणार हे बदललं नाही.

१५. ज्यांच्याशी कधीच पटलं नाही, त्यांची मदत आपण घ्यावी का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा माझ्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळ. तिसऱ्या दिवशी आठ-दहा पोरं फावडी घेऊन दारात उभी राहिली. ज्या संघटनेची होती तिच्याविरुद्ध मी वर्षानुवर्षं बोलत आलो आहे. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "काका, आधी कुठली खोली?" एवढंच विचारलं. मी त्यांना आधी माजघर दाखवलं, तिथे हिशेबाच्या वह्या होत्या.

माझी मतं बदललेली नाहीत. त्यांच्या सभेला मी आजही जात नाही. पण त्यांच्या आपत्ती मदत निधीला दरवर्षी पैसे पाठवतो आणि पावतीवर "फक्त पूरग्रस्तांसाठी" असं लिहून घेतो. प्रश्न ३ मधली शंका मला त्या वेळीही येते. मी त्यांचा ताळेबंद मागवतो, आणि ते पाठवतात.

१६. तालुक्यात एकच संस्था आहे आणि तीच दारात भेद करते. मग गरजूंनी जायचं कुठे आणि आम्ही द्यायचं कुठे?

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, म्हणून झालं ते सांगतो.

एका वसतिगृहात इतर धर्माच्या मुलांना संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणं सक्तीचं होतं. न बसणाऱ्याला पुढच्या वर्षी प्रवेश नव्हता. काम उत्तम, जेवण उत्तम, निकाल उत्तम. बाकावर बसून मी स्वतः एका बापाला मुलाची ट्रंक परत घेऊन जाताना पाहिलं. मी देणगी थांबवली आणि पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांनी एक खोली बंद ठेवली, हे मला नंतर कळलं. त्या खोलीत सहा मुलं राहू शकली असती. माझ्या पैशाने ती चालू राहिली असती का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

ज्याची ट्रंक परत गेली तो मुलगा आता एसटीने रोज बावीस किलोमीटर जाऊन-येऊन शिकतो. त्याच्या पासाचे पैसे मी भरतो. पत्र दर जूनमध्ये पुन्हा पाठवतो.